मोटारीची पहिली परीक्षा

परीक्षा हा शब्द कानीं पडला कीं विद्यार्थ्यांच्या छातींत थोडें धस्स होतें, आणि खरें सांगावयाचें तर पालकांच्याहि. परंतु परीक्षा केवळ मुलांच्याच वांट्यास आल्या आहेत असें नाहीं. विहिरीच्या पाण्याची, दुकानांतील वजनांची व मापांची, पुलांची आणि आगगाडीच्या इंजिनांचीहि परीक्षा होत असते. ज्या वस्तूंतील दोषामुळें मालकाखेरीज इतरांचेंहि नुकसान होण्याचा संभव आहे, त्या वस्तूची परीक्षा घेण्याचा अधिकार समाजानें आपल्या हातीं ठेविला आहे. रस्त्यावर धांवणारी मोटार ही अशीच एक वस्तु होय. तिचा मालक एक. परंतु तिचे ब्रेक लागतील अशा विश्वासानें रस्ता ओलांडणारे हजारों.

मोटारीला आपली पहिली परीक्षा केव्हां द्यावी लागते, ती कशी घेतली जाते, आणि तींत गाड्या कोणत्या कारणांनीं नापास होतात, हें या लेखांत सांगावयाचें योजिलें आहे. उदाहरणासाठीं ब्रिटनची पद्धति घेतली आहे. ती साठ वर्षांहून अधिक काळ चालत आलेली आहे, तिचे नियम लिखित व स्पष्ट आहेत, आणि आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांचीं मुलेंमाणसें आज तिकडे नोकरीशिक्षणासाठीं राहत असल्यामुळें त्यांना ती प्रत्यक्ष द्यावीहि लागते. शेवटीं आपल्या देशांतील नियमांशीं तिची तुलना करूं.

परीक्षेचा उगम

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत ब्रिटनच्या रस्त्यांवर मोटारींची संख्या झपाट्यानें वाढली. त्यांत युद्धापूर्वीं बनलेल्या जुन्या गाड्याहि पुष्कळ होत्या. इ. स. १९५६ च्या वाहतुकीच्या कायद्यानें जुन्या गाड्यांची तपासणी सक्तीची करण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि १९६० सालीं, अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असतां, ही तपासणी सुरू झाली. 'मिनिस्ट्री ऑफ ट्रान्स्पोर्ट' या खात्याच्या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन लोक तिला 'एम. ओ. टी.' म्हणूं लागले. पुढें खात्याचें नांव बदललें, परंतु परीक्षेचें नांव मात्र लोकांच्या तोंडीं तेंच राहिलें.

आरंभीं ही परीक्षा दहा वर्षें पूर्ण झालेल्या गाड्यांनाच होती, आणि विषयहि तीनच होते: ब्रेक, दिवे व सुकाणू. विषय इतके थोडे असूनहि नापास होणाऱ्या गाड्यांची संख्या एवढी मोठी निघाली कीं सरकारला दहा वर्षांची मुदत फार लांब आहे असें दिसून आलें. १९६१ च्या अखेरीस ती सात वर्षांवर आणली गेली, आणि १९६७ सालीं तीन वर्षांवर. तेव्हांपासून आजतागायत इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स या प्रदेशांत नव्या मोटारीला तीन वर्षें पूर्ण होतांच पहिली परीक्षा द्यावी लागते, व त्यानंतर दरवर्षीं एकदां. उत्तर आयर्लंडांत ही मुदत चार वर्षांची आहे. टॅक्सी व रुग्णवाहिका यांना तर एका वर्षानंतरच परीक्षेस बसावें लागतें, कारण त्यांच्यावर परक्याचा जीव अवलंबून असतो.

शाळेच्या अभ्यासक्रमाप्रमाणें या परीक्षेचा अभ्यासक्रमहि वाढत गेला. १९६८ सालीं टायरांची भर पडली. १९७७ सालीं कांचेवरील वायपर, वळण्याची खूण करणारे दिवे, भोंगा, धूर बाहेर नेणारी नळी व गाडीचा सांगाडा हे विषय आले. १९९१ सालीं पेट्रोलच्या गाड्यांच्या धुराची मोजणी सुरू झाली, व पुढें डिझेलच्या गाड्यांचीहि. २०१८ च्या मे महिन्यापासून दोषांची वर्गवारी नव्यानें करण्यांत आली. तिचा विचार पुढें येईल.

मध्यंतरीं एक वाद उपस्थित झाला. आजच्या गाड्या पूर्वींपेक्षां पुष्कळ चांगल्या घडविलेल्या असतात, तेव्हां पहिली परीक्षा तीनाऐवजीं चार वर्षांनीं कां घेऊं नये, असा प्रश्न तेथील सरकारनें २०१७ सालीं लोकांपुढें ठेविला. गरिबाचे चार पैसे वांचतील, हा त्यामागील हेतु. परंतु विचाराअंतीं २०१८ च्या जानेवारींत मुदत तीनच वर्षें ठेवण्याचें ठरलें. इंजिन कितीहि उत्तम असलें तरी रबर झिजावयाचें तें झिजतेंच, आणि दिव्यांतील बारीक तार तुटावयाची ती तुटतेच. गाडीच्या घडणीची कीर्ति या वस्तूंना वांचवूं शकत नाहीं.

परीक्षा कशी होते

उत्तर आयर्लंडांत ही तपासणी सरकारी केंद्रांत होते. इतरत्र ती सरकारनें परवानगी दिलेल्या गॅरेजांतून होते. अशा गॅरेजावर निळ्या पार्श्वभूमीवर तीन पांढऱ्या त्रिकोणांची खूण लावलेली असते. तपासनीस हा शिक्षण घेऊन व परीक्षा देऊन नेमलेला मनुष्य असतो. म्हणजे परीक्षकालाहि परीक्षा चुकलेली नाहीं! तपासणीस पाऊण तास ते एक तास लागतो.

या तपासणीचा एक नियम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. तपासनिसानें गाडीचा कोणताहि भाग खोलून वेगळा करावयाचा नाहीं. जें डोळ्यांना दिसतें, हाताला लागतें, कानाला ऐकूं येतें व यंत्रावर मोजतां येतें, तेवढ्यावरूनच त्यानें निर्णय द्यावयाचा. इंजिन किती दिवस टिकेल, क्लच व गिअर चांगले आहेत कीं नाहींत, हा त्याचा विषयच नव्हे. गाडी उत्तम आहे कीं नाहीं हें ही परीक्षा पाहत नाहीं. गाडी रस्त्यावर धोक्याची आहे कीं नाहीं एवढेंच पाहते. म्हणून प्रमाणपत्र मिळालें म्हणजे गाडी वर्षभर निर्दोष राहील असेंहि समजूं नये. त्या दिवशीं, त्या घटकेला ती किमान कसोटीस उतरली, इतकाच त्याचा अर्थ.

आढळलेल्या दोषांचे आतां तीन वर्ग केले जातात. पहिला वर्ग 'धोकादायक' दोषांचा. असा दोष निघाल्यास गाडी नापास होते, व दुरुस्त केल्याखेरीज ती रस्त्यावर चालवितां येत नाहीं. दुसरा वर्ग 'मोठ्या' दोषांचा. यांतहि गाडी नापासच. तिसरा वर्ग 'लहान' दोषांचा. यांत गाडी पास होते, परंतु दोषाची नोंद होते व तो लौकर दुरुस्त करावा असें सांगितलें जातें. याखेरीज जी वस्तु अद्याप नियमांत बसते परंतु लौकरच बसणार नाहीं, तिच्याविषयीं तपासनीस सूचना लिहून देतो. शिक्षक प्रगतिपुस्तकावर 'गणिताकडे लक्ष द्यावें' असा शेरा मारतात, त्याच जातीची ही सूचना. शहाणा पालक पास झाल्याच्या आनंदांत तो शेरा विसरत नाहीं.

परीक्षा चुकविणाऱ्या गाडीच्या मालकास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो. मात्र पूर्वीं वेळ ठरवून तपासणीसाठींच नेली जात असलेली गाडी याला अपवाद आहे; अर्थात् ती गाडी चालविण्यास धोकादायक नसावी.

नापास होण्याचीं कारणें

आतां मुख्य विषयाकडे वळूं. तीन वर्षांची गाडी म्हणजे दिसावयास जवळजवळ नवीनच. तिचा रंग चकाकत असतो, आसनें स्वच्छ असतात, इंजिन गोड चालतें. मग ती नापास कां व्हावी? उत्तर असें कीं ती पुष्कळदां अवघड प्रश्नांत नापास होत नाहीं, सोप्यांतच होते.

दिवे.—नापासाच्या कारणांत दिव्यांचें स्थान अग्रभागीं आहे. पुढचे मोठे दिवे, मागचे तांबडे दिवे, वळण्याची खूण करणारे पिवळे दिवे, ब्रेक दाबतांच लागणारे दिवे, आणि नंबराच्या पाटीवरील चिमुकला दिवा, हे सर्व पाहिले जातात. दिवा लागतो एवढेंच पुरत नाहीं; पुढच्या दिव्याचा झोत योग्य उंचीवर पडतो कीं नाहीं हेंहि यंत्रानें पाहतात, कारण झोत वर गेला तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. यांत एक गंमत अशी आहे कीं ब्रेकचा दिवा ज्याच्या पायानें लागतो, त्याला तो कधींच दिसत नाहीं. मागून येणाऱ्यालाच तो दिसतो. त्यामुळें तो महिनोन्महिने बंद असला तरी मालक निश्चिंत असतो. आपले दोष दुसऱ्यास अगोदर दिसतात हा अनुभव मोटारीलाहि लागू आहे! उपाय सोपा आहे: घरांतील एकानें पायपट्टी दाबावी व दुसऱ्यानें मागें उभें राहून पहावें, किंवा रात्रीं गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी व भिंतीवर तांबडा उजेड पडतो कीं नाहीं तें आरशांत पहावें.

टायर.—टायरावर ज्या खांचा असतात त्या शोभेसाठीं नसतात. पावसांत रस्त्यावर पाण्याचा थर असतो. चाकाखालचें पाणी या खांचांतून बाहेर फेंकलें जातें, व रबर रस्त्याला जाऊन भिडतें. खांचा झिजल्या म्हणजे पाण्याला वाट राहत नाहीं. चाक पाण्यावर तरंगूं लागतें, आणि मग सुकाणू फिरविलें काय आणि ब्रेक दाबला काय, गाडीला त्याची खबरहि लागत नाहीं. नव्या टायराच्या खांचा सुमारें ८ मिलिमीटर खोल असतात. कायद्यानें ठरविलेली किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, आणि ती टायराच्या रुंदीच्या मधल्या तीन चतुर्थांश भागांत, सबंध परिघावर, असावी लागते. एका जागीं चांगली व दुसरीकडे गुळगुळीत असें चालत नाहीं. बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाचें बळ पुढच्या चाकांस दिलेलें असतें, वळण्याचें कामहि तींच करतात, आणि ब्रेक लागतांना गाडीचा भारहि पुढेंच झुकतो. म्हणून पुढचे टायर अगोदर झिजतात. शिवाय चाकें बरोबर समांतर नसल्यास टायराची आंतली कड झिजते. ती बाहेरून पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाहीं, व मालक तपासणीच्या दिवशींच प्रथम ती पाहतो. टायराच्या बाजूला आलेला फुगवटा, किंवा आंतील दोऱ्यांपर्यंत गेलेली चीर, हींहि नापासाचीं कारणें होत.

ब्रेक.—ब्रेकची तपासणी सर्वांत शास्त्रीय रीतीनें होते. गाडीचीं चाकें जमिनींत बसविलेल्या रुळांवर उभीं करतात. रूळ चाकाला फिरवितात, तपासनीस ब्रेक दाबतो, आणि चाक किती जोरानें विरोध करतें तें यंत्र सांगतें. सर्व चाकांचा विरोध एकत्र करून त्याची गाडीच्या वजनाशीं तुलना करतात. १ सप्टेंबर २०१० पासून पुढें रस्त्यावर आलेल्या मोटारींत हा विरोध वजनाच्या किमान ५८ टक्के असावा लागतो. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पहावा: गाडीचें वजन १२०० किलोग्रॅम असेल, तर ब्रेकांचें एकूण बळ ६९६ किलोग्रॅमच्या भाराइतकें पाहिजे. हातब्रेकाला साधारणतः १६ टक्के पुरतात. म्हणजे शंभर फुटांत सोळा फूट चढणाऱ्या घाटांत गाडी उभी राहूं शकेल एवढें बळ. तसेंच एकाच आंसावरील दोन चाकांपैकीं एकाचें बळ दुसऱ्याच्या ७० टक्क्यांहून कमी भरल्यास गाडी नापास होते. कारण एक बाजू अडली व दुसरी धांवत राहिली तर गाडी आडवी फिरते. ब्रेकांत घर्षणासाठीं बसविलेल्या गाद्या १.५ मिलिमीटरहून पातळ झाल्या असतील तरीहि तिला परत पाठवितात.

ब्रेकचें महत्त्व ध्यानीं येण्यासाठीं आणखी एक हिशेब सांगतों. ब्रिटनच्या वाहतुकीच्या नियमपुस्तकांत असें दिलें आहे कीं ताशीं ३० मैल, म्हणजे सुमारें ४८ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी थांबण्यास २३ मीटर अंतर लागतें. त्यांतील ९ मीटर चालकानें धोका पाहून पाय हलवीपर्यंतच जातात, व १४ मीटर ब्रेक लागल्यानंतर. वेग दुप्पट, म्हणजे ६० मैल झाला, तर विचारांत जाणारें अंतर दुप्पट, म्हणजे १८ मीटर होतें. पण ब्रेकचें अंतर दुप्पट होत नाहीं, तें जवळजवळ चौपट, म्हणजे ५५ मीटर होतें. एकूण ७३ मीटर. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें पदार्थविज्ञानाचें सूत्र आपण वर्गांत पाठ करतों. रस्त्यावर तें पाठ नसणाऱ्यासहि लागू पडतें. आणि हे आंकडे चांगल्या ब्रेकांचे, चांगल्या टायरांचे व कोरड्या रस्त्याचे आहेत.

समोरची कांच.—ज्याला नीट दिसत नाहीं त्यानें गाडी चालवूं नये, हें कोणीहि मान्य करील. म्हणून समोरची कांच बारकाईनें पाहतात. चालकाच्या बरोबर समोर, सुकाणूच्या मध्याशीं जुळणारा, २९० मिलिमीटर रुंदीचा जो उभा पट्टा, त्यांत १० मिलिमीटरहून मोठा तडा किंवा खळगा चालत नाहीं. वायपर फिरतो त्या उरलेल्या भागांत ४० मिलिमीटरपर्यंत सूट आहे. वायपरचें रबर फाटलेलें असणें, कांच धुण्यासाठीं उडणारें पाणी पुरेसें न उडणें, व दृष्टीच्या आड येणारी चिठ्ठी अथवा टांगलेलें खेळणें, हीं कारणें वाचून हंसूं येतें. परंतु पाण्याची एक बाटली ओतली असती तर जी गाडी पास झाली असती ती तेवढ्यासाठीं परत गेली, अशीं उदाहरणें पुष्कळ घडतात.

स्प्रिंगा व सुकाणू.—गाडी उचलून तिच्या खालीं पाहतात. चाकांवरील स्प्रिंग तुटली आहे काय, धक्के शोषणाऱ्या नळ्यांतून तेल गळतें काय, सुकाणूच्या सांध्यांत ढिलाई आली आहे काय, रबरी बाह्या फाटल्या आहेत काय, हें पाहिलें जातें. त्या देशांत हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात; त्यानें लोखंड गंजतें, आणि खड्ड्याचा एक धक्का बसला कीं गंजलेली स्प्रिंग तुटते. आपल्या कोंकणपट्टींतील खारें वारें हेंच काम मिठाशिवाय करतें, हें तिकडील वाचकांस सांगावयास नकोच.

इतर कारणें.—आसनाचा पट्टा फाटलेला असणें किंवा झटक्यास न अडकणें. भोंगा न वाजणें. नंबराची पाटी मळलेली, अथवा अक्षरांतील अंतर शोभेसाठीं बदललेली असणें. धुरांत विषारी वायूचें प्रमाण मर्यादेबाहेर जाणें. डिझेलच्या गाडीची काजळी अडविणारी गाळणी कोणी काढून टाकलेली असणें. या सर्व बाबी परीक्षेंत आहेत. शिवाय आजकालच्या गाड्यांत चालकापुढें इशाऱ्याचे बारीक दिवे असतात. ब्रेक, हवेच्या पिशव्या, इंजिन अथवा टायरांतील हवा यांत बिघाड झाला कीं ते लागतात. असा दिवा लागलेला असतां गाडी परीक्षेस नेणें म्हणजे आपला दोष स्वतःच्या हातानें कपाळावर लिहून नेणें होय.

परीक्षकाची सचोटी

येथें चौकस विद्यार्थी एक शंका काढील. जें गॅरेज तपासणी करतें तेंच दुरुस्तीहि करतें. मग दुरुस्तीचे पैसे मिळावेत म्हणून तें नसलेला दोष दाखविणार नाहीं काय? किंवा ओळखीच्या गिऱ्हाइकाचा असलेला दोष झांकणार नाहीं काय? शंका रास्त आहे, आणि तेथील नियम करणाऱ्यांसहि ती सुचली होती. म्हणून तपासणी चालू असतां मालकास ती ठराविक जागेवरून पाहतां येते. निर्णय अमान्य असल्यास कामाच्या १४ दिवसांच्या आंत सरकारी खात्याकडे दाद मागतां येते. मग खात्याचा मनुष्य गाडी पुन्हां तपासतो. प्रत्येक तपासणीची नोंद संगणकावर होते, व तींत गाडी आजवर किती मैल चालली हेंहि लिहिलेलें असतें. गाडीचा नंबर माहीत असेल तर कोणासहि हा इतिहास पाहतां येतो. जुनी गाडी विकतांना मैलांचा आंकडा मागें फिरवून फसविणाऱ्याचें कपट या नोंदीमुळें उघडकीस येतें.

तथापि कोणताहि नियम मनुष्याच्या सचोटीची जागा पूर्णपणें घेऊं शकत नाहीं. तपासनिसाची सही म्हणजे अनोळखी लोकांना दिलेलें वचन आहे. ज्या गाडीवर तो सही करतो, तींत बसणारीं मुलें त्यानें कधीं पाहिलेलीं नसतात, आणि तीं त्याचें नांवहि कधीं ऐकणार नाहींत. असें असतांहि तो टायराखालीं वांकून, बॅटरीच्या उजेडांत आंतली कड पाहतो. रस्त्यावरील सुरक्षितता अशा अनेक नामनिराळ्या माणसांच्या कर्तव्यनिष्ठेवर उभी आहे.

आपल्या देशांतील नियम

आतां आपल्याकडे वळूं. आपल्याकडे या तपासणीस लोक 'पासिंग' म्हणतात, व 'आर. टी. ओ.' हें नांव लहान मुलासहि ठाऊक असतें. भाड्याच्या व मालवाहू गाड्यांस योग्यतेचा दाखला लागण्याची पद्धति १९३९ च्या मोटार कायद्यांतहि होती. सध्यां १९८८ चा कायदा लागू आहे. त्याप्रमाणें अशा नव्या गाडीचा पहिला दाखला दोन वर्षें चालतो; पुढें गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दर दोन वर्षांनीं, व त्यानंतर दरवर्षीं, तपासणी करून नवा घ्यावा लागतो. शाळेची बस कायद्याच्या दृष्टीनें याच वर्गांत मोडते. तेव्हां आपल्या मुलास नेणाऱ्या बसचा दाखला चालू मुदतींतला आहे काय, हें विचारणें पालकांस शोभतें, आणि शाळेस तें सांगणें शोभतें. यांत कोणाचा अविश्वास नाहीं. ज्यानें दाखला वेळेवर घेतला आहे त्याला तो दाखवितांना आनंदच होईल.

घरगुती मोटारीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिची नोंदणी एकदां झाली म्हणजे ती पंधरा वर्षें चालते. नोंदणी नवी करतांना तपासणी होते, व पुढें पांच पांच वर्षांनीं. पहिलें वर्ष संपल्यावर धुराची तपासणी करून 'पी. यू. सी.' प्रमाणपत्र घ्यावें लागतें हें खरें. परंतु त्यांत ब्रेक, टायर, दिवे यांचा संबंध नाहीं. म्हणजे ब्रिटनमधील मोटार ज्या वयांत आपली पहिली परीक्षा देते, त्या वयापासून पुढें बारा वर्षें आपली घरगुती मोटार परीक्षेवांचून धांवत असते. या बारा वर्षांत तिचा परीक्षक कोण? दुसरा कोणी नाहीं. तिचा मालक हाच तिचा परीक्षक. ज्याला बाहेरचा परीक्षक नाहीं त्याची जबाबदारी कमी होत नाहीं. ती दुप्पट होते.

घरची परीक्षा

सुदैवानें ही परीक्षा घेण्यास यंत्रें लागत नाहींत. पुढील गोष्टी कोणत्याहि घरीं, रविवारच्या दुपारीं, मुलांच्या मदतीनें करतां येतात:

१. गाडीचे सर्व दिवे एकामागून एक लावावेत, व एका मुलानें बाहेर उभें राहून प्रत्येकाचें नांव घेऊन 'लागला' किंवा 'नाहीं' असें सांगावें.

२. चारी टायर, व राखीव टायरहि, आंतून बाहेरून पहावेत. खांचांच्या तळाशीं रबराचे लहान उंचवटे ठेवलेले असतात. टायर झिजत झिजत त्यांच्या पातळीला आला म्हणजे त्याचें आयुष्य संपलें असें समजावें.

३. कांचेवर पाणी उडवून वायपर चालवावा, व रेघा राहतात काय तें पहावें. आपल्याकडे हें पावसाळ्यापूर्वीं अवश्य करावें.

४. प्रत्येक आसनाचा पट्टा पूर्ण ओढून, झटका देऊन पहावा. मागच्या आसनांचे पट्टे विसरूं नयेत.

५. भोंगा एकदां वाजवावा, एकदांच पुरे.

६. गाडी सुरू केल्यावर इशाऱ्याचे दिवे थोड्याच वेळांत विझतात काय तें पहावें. न विझणारा दिवा कागद चिकटवून झांकूं नये, कारागिराकडे जावें.

७. ब्रेक दाबतांना गाडी एका अंगास ओढते काय, किंवा घांसल्याचा आवाज येतो काय, याकडे रोजच लक्ष असावें. ब्रेक हें मात्र घरीं दुरुस्त करण्याचें काम नव्हे.

एवढें करण्यास अर्धा तास लागतो. जेथें सायकल आहे व मोटार नाहीं, तेथेंहि हीच यादी थोड्या फरकानें उपयोगी पडेल. सायकलीलाहि ब्रेक, टायर, घंटा व मागचा तांबडा कांचतुकडा असतोच, आणि शाळेंत येणाऱ्या मुलांपैकीं पुष्कळांच्या जिवाचा भार त्यांवरच असतो.

विद्यार्थिमित्रांनो, तीन वर्षांच्या चकाकत्या गाड्या परीक्षेंत कां नापास होतात, हें आपण पाहिलें. इंजिन फुटल्यामुळें किंवा आंस मोडल्यामुळें तसें होत नाहीं. दहावीस रुपयांचा दिवा, बाटलीभर पाणी, बोटभर रबर, अशा क्षुल्लक वस्तु त्यांस परत पाठवितात. परीक्षेच्या केंद्रांत त्या क्षुल्लक वस्तूची किंमत एका फेरीइतकीच असते. पावसाळी रात्रीं, घाटाच्या वळणावर, समोर अचानक कोणी आलें असतां मात्र तिची किंमत कोणीहि सांगूं शकत नाहीं. म्हणून ती किंमत घरच्या अंगणांत, दिवसाउजेडीं, अर्ध्या तासाच्या श्रमानें चुकविलेली बरी. पुढच्या रविवारीं वडिलांच्या किंवा शेजाऱ्यांच्या गाडीमागें उभे राहा, आणि ब्रेकचा दिवा लागतो कीं नाहीं तेवढें त्यांना सांगा. त्यांना तो दिसत नाहीं, तुम्हांला दिसतो.